प्रमाण आणि प्रचीती : पंडिता रमाबाईंचा शोध



बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात दर रविवारी सकाळी आमचे छोटेसे मराठी अभ्यासमंडळ भरते. बेळगाव, निपाणी, इचलकरंजी, लातूर अशा भागांतून पोटासाठी इथे आलेली पंधरा-वीस माणसे. कुणी टूलरूममध्ये, कुणी प्लेटिंगमध्ये, कुणी कपड्यांच्या कारखान्यात. काही जण रात्रपाळी उरकून तसेच येतात आणि ध्यानात बसल्या बसल्या डुलकी घेतात. त्यांना आम्ही उठवत नाही.

यांपैकी एक साधक मध्यंतरी येईनासे झाले. ते एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतात. मायक्रोमीटर, गेज, कॅलिब्रेशनचे कागद हेच त्यांचे दिवसभराचे जग. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता एक वही पुढे ठेवली. वडील आजारी पडले त्या वेळी एका ज्येष्ठ साधकाने त्यांना सांगितले होते की ठरलेल्या संख्येचा जप निष्ठेने पूर्ण झाला तर गुण येणारच. यांनी तारीख, वेळ, जपसंख्या आणि त्या दिवशीची वडिलांची प्रकृती अशा रकान्यांत सगळे लिहून ठेवले होते. खंड एकही नाही. संख्या पूर्ण झाली आणि नंतर वडील गेले.

इथवर सरळ होते. पण त्याच वहीत शेवटच्या रकान्यात आणखी काही नोंदी होत्या. पहाटेच्या जपात मन कसे निवले, एकदा डोळ्यांतून कसे पाणी आले, भीती कशी गेली. तेही त्यांनीच, तितक्याच काटेकोरपणे लिहिलेले. त्यांचा प्रश्न असा होता की दोन्ही नोंदी माझ्या हाताच्या आहेत, मग एक खरी धरली तर दुसरी खोडायची का?

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण मला पंडिता रमाबाई आठवल्या. पुढचे तीन रविवार मी मंडळात त्यांचे चरित्र सांगितले. तेच इथे आपल्यासाठी लिहून काढत आहे. आपल्यापैकी काहींना रमाबाई म्हटले की फक्त धर्मांतर आठवेल आणि कपाळाला आठी पडेल. ती आठी तशीच राहू द्या, पण वाचा. त्यांचा निर्णय आपण उचलावा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. इतक्या प्रामाणिकपणे पुरावा आणि अनुभव दोन्ही तोलणारी दुसरी मराठी बाई मला तरी माहीत नाही.

पीण्याहून तुमकूर रस्त्याने नेलमंगलापर्यंत जायचे आणि डावीकडे मंगळुरूची वाट धरायची. पुढे पश्चिम घाटात तुंगा जिथे उगम पावते ते गंगामूळ लागते. त्या रानात 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळजवळच्या माळ गावचे चित्पावन. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत म्हणते हे अनंतशास्त्रींनी तिथे पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. गावात गहजब झाला. उडुपीला धर्मपीठापुढे त्यांना जाब विचारण्यात आला. अनंतशास्त्रींनी शास्त्रांतूनच आधार गोळा करून स्त्रीला शिकण्याचा अधिकार आहे असे मांडले आणि ते बहिष्कारातून सुटले. हा माणूस कट्टर सनातनी होता, सुधारक अजिबात नव्हता. पण प्रमाण दाखवा आणि मग बोला, ही सवय रमाबाईंना इथून, वडिलांच्या घरातून मिळाली.

रानातल्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. सगळ्यांना जेवू घालता घालता शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब बाहेर पडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत ठेवून मजुराच्या डोक्यावर दिले होते. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक ठेवतील त्यावर जगायचे. आई मुलीला पहाटे उठवून शिकवी. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते या वाटेवर.

मग 1870च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. वाचकहो, इथे जरा थांबून विचार करा. या कुटुंबाने काय केले? शास्त्रात सांगितले ते सगळे. व्रते केली, अनुष्ठाने केली, हातात होते ते द्रव्य ब्राह्मणांना दान दिले, मूर्तीपुढे दिवसच्या दिवस बसून राहिले. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी झाडाची पाने खाण्याची वेळ आली. मजुरी करावी असे कुणाच्या मनातही आले नाही, कारण पंडिताच्या घराला ते ठाऊकच नव्हते. अकरा दिवस अन्नाविना काढल्यावर, दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्रींनी तीर्थाच्या कुंडात जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलांचा निरोपही घेतला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला आणि आपण हमाली करू, पण हे नको, असे त्याने सांगितले. जलसमाधी टळली. पण 1874मध्ये वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईला खांदा द्यायला श्रीनिवासाखेरीज कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. चौथा खांदा सोळा वर्षांच्या मुलीने दिला. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचे टोक डोक्यावर घ्यावे लागले. पुढे बहीणही गेली.

आमच्या त्या तपासनीस साधकाच्या वहीशी ही गोष्ट पडताळून पाहा. विधी पूर्ण, फळ शून्य. पण रमाबाई आणि श्रीनिवास यांनी लगेच श्रद्धा सोडली असे झाले नाही, आणि मला हे फार खरे वाटते. श्रद्धा अशी एका रात्रीत कुणाची जात नाही. भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले, आत उतरले आणि मानेपर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. या सगळ्या प्रवासात तीर्थे, व्रते, देवदर्शन चालूच होते. फक्त आता दोघे डोळे उघडे ठेवून पाहत होते.

हिमालयातल्या एका तळ्याची गोष्ट रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या तळ्यात सात तरंगते डोंगर होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर आपण होऊन त्याच्याकडे येतात, पापी असेल तर हलत नाहीत, अशी ख्याती. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे पुजारी बजावत. श्रीनिवास एका पहाटे, कुणी नसताना, पोहत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेला चिखल आणि त्यात लावलेली झाडे. मागे एक होडी. पुजाऱ्याने इशारा केला की होडीवाला तराफा ढकलायचा. दक्षिणा चांगली असेल तर यात्रेकरू निष्पाप ठरायचा.

मंडळात हे सांगताना सगळे हसले. मीही हसलो. पण मगरीची भीती घातलेली असताना पाण्यात उडी मारणाऱ्या त्या उपाशी मुलाचा विचार करा. डोंगर खरे निघाले असते तर त्याला आनंदच झाला असता. तो फसवणूक पकडायला गेला नव्हता. आपण निष्पाप आहोत की नाही हे त्याला जाणून घ्यायचे होते.

1878मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांतून नाव देशभर गेले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवले आणि ग्रंथ हाती दिला. बाईने वेद वाचावेत का, या शंकेने रमाबाई आधी चाचरल्या, मग त्यांनी उपनिषदे वाचली, वेदान्त वाचला आणि धर्मशास्त्रे वाचली. धर्मशास्त्रांची तुलना करताना त्यांना आढळले की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण दोन मुद्द्यांवर त्यांचे एकमत आहे. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, आणि शूद्र हे हीन आहेत, आणि त्यांना त्यांच्या स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. पूर्वजांच्या धर्मावरचा त्यांचा विश्वास गेला तो इथे. भूक सोसूनही जो टिकला होता, तो वाचनाने गेला.

याच काळातली एक गंमत. काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना प्रार्थनेला बोलावले. तिथे सगळे जण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यावर बसले आणि डोळे मिटून पुटपुटू लागले. भाऊ-बहिणीला वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात.

1880मध्ये ढाक्याला श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. सिलचरला संसार थाटला. घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती वाचू लागल्या. यजमानांना ते फारसे रुचले नाही. एप्रिल 1881मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी 1882मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांच्या मुलीसह, जगात कुणी नाही.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आणि प्रार्थनासमाजाची मंडळी पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. हे सगळे आपण शाळेत वाचले आहे, म्हणून भरभर पुढे जातो. पुण्यातच त्यांची गाठ फादर नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. हे मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करायला म्हणून त्यांनी बायबल उघडले आणि 1848मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे हिंदू दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. एवढे करूनही हा मनुष्य आयुष्यभर शंकांनी पोळत राहिला. प्रमाणांचा डोंगर रचणाऱ्यालाही रात्रीची झोप मिळतेच असे नाही.

1883मध्ये पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांनी रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात उतरल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही. निघताना त्यांनी धर्म बदलणार नाही असे सांगितले होते, आणि सप्टेंबर संपता संपता, 29 तारखेला, त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात केवढा धुरळा उडाला असेल याची कल्पना करा.

काय घडले मधल्या महिन्यांत? दोन गोष्टी रमाबाई स्वतः सांगतात. एक, गोरेशास्त्र्यांच्या पत्रांतली युक्तिवादाची मांडणी त्यांच्या बुद्धीला पटली. दुसरी गोष्ट युक्तिवादाची नव्हे. लंडनजवळ फुलहॅमला भगिनींनी चालवलेल्या आश्रमात त्यांना नेले. समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि त्यांची सेवा होत होती. अशा बाईला आपल्याकडची शास्त्रे काय शिक्षा सांगतात हे त्यांनी मूळ संस्कृतातून वाचलेले होते. तिच्याशी दयेने वागता येते हे त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

तिसरी एक गोष्ट आहे, ती मी झाकून ठेवणार नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने बाप्तिस्म्याच्या थोडेच आधी, परक्या देशात, स्वतःचे जीवन संपवले होते. त्या काळात रमाबाईंचे मन कशा अवस्थेत असेल? दुःखाने खचलेले मन कशालाही धरते, असे कुणी म्हणेल, आणि म्हणणाऱ्याला सरळ खोटे ठरवता येणार नाही. त्यावर माझे म्हणणे इतकेच की पुढची वर्षे पाहा. मन केवळ आधार शोधत असते तर ते मिळालेल्या आधाराशी भांडले नसते.

आणि रमाबाई तर लगेच भांडू लागल्या. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथून धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे 1977मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली आहेत. मिळाली तर अवश्य वाचा. येशूचा जन्म कुमारीच्या पोटी झाला याला आधार काय? त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे? अमुक मतपत्र मान्य न करणारा नरकात जातो असे म्हणण्याचा अधिकार चर्चला कुणी दिला? पुरोहितांच्या हातून सुटले ती काय बिशपांच्या हाती जाण्यासाठी? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? जेवणाच्या ताटातल्या अंड्यापर्यंत वाद गेला, कारण शाकाहार त्यांनी सोडला नव्हता. जेराल्डीनबाई कळवळून गेल्या. त्यांना हा अहंकार वाटला. महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र ओळखले की ही बाई धर्माला तत्त्वज्ञानाच्या बाजूने भिडणारी आहे, हिच्या प्रश्नांना हुकमाने उत्तर देता येणार नाही, आणि त्या रमाबाईंशी शांतपणे चर्चा करत राहिल्या.

इथे आपल्या सत्संगांतला एक दोष सांगतो, रागावू नका. प्रश्न विचारणाऱ्या साधकाला आपण चटकन अहंकारी ठरवतो. माझ्याकडूनही हे झाले आहे. रमाबाईंच्या वाट्याला जेराल्डीन आणि बील दोघीही आल्या. आपल्या मंडळात प्रश्न घेऊन येणाऱ्याला कोण भेटते?

पुढचा भाग कर्तृत्वाचा. 1886मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887मध्ये निघाले. बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही अशी अट होती. कोणत्याही मुलीला तिच्या घरच्या रीतीप्रमाणे वागायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 1893मध्ये प्रकरण पेटले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, पंचवीसएक मुलींना पालकांनी काढून नेले. दोष कुणाचा? मुलींवर जबरदस्ती झाली असे म्हणता येत नाही. पण ज्या आश्रयदात्रीवर मुलीचे अन्न, वस्त्र, शिक्षण अवलंबून आहे, तिच्या उघड्या दाराचा ओढा किती असतो, हे रमाबाईंना कळायला हवे होते असे मला वाटते. पालकांची काळजी अगदीच बिनबुडाची नव्हती.

या वादळाच्या दोन वर्षे आधी त्यांच्या आत एक घटना घडून गेली होती, आणि माझ्या दृष्टीने या चरित्राचा गाभा तिथे आहे. 1891च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचले. हा मनुष्य वर्षानुवर्षे चर्चमध्ये प्रवचने देत होता, लोकांना उपदेश करत होता, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आले की आपण जे सांगतो ते आपल्याला स्वतःला कधी झालेलेच नाही. रमाबाई हादरल्या. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. सिद्धान्त तपासून झाले होते, पटले ते घेतले होते, न पटले ते बाजूला ठेवले होते. त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. इथपर्यंत त्यांना प्रमाणाने आणले होते, पुढे प्रमाण जाईना. मग कोणत्याही पात्रतेशिवाय, जशी आहे तशी, त्यांनी स्वतःला देवाच्या पायाशी टाकले. त्यानंतर मिळालेल्या शांतीविषयी त्या शेवटपर्यंत एकाच सुरात बोलत राहिल्या.

लक्षात घ्या, या अनुभवाच्या जोरावर त्यांनी तरंगते डोंगर परत खरे मानले नाहीत. दुष्काळात न पावलेली व्रते पावली होती असेही ठरवले नाही. वडिलांच्या मृत्यूचा, आईच्या तिरडीचा हिशेब त्यांनी कधी बदलून लिहिला नाही. उलट 1896-97मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची ती पाने, ती भूक डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्या तडक तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छपाई, स्वयंपाक, लिहिणे-वाचणे सगळे तिथेच. आपण बेंगळुरूहून उद्यान एक्सप्रेसने सोलापूर-दौंडमार्गे पुण्याला जातो, ती गाडी केडगाव स्टेशनावरूनच जाते. पुढच्या वेळी खिडकीत बसा.

जून 1905च्या अखेरीस मुक्तीत विलक्षण प्रकार सुरू झाले. प्रार्थनेच्या वेळी मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने पापे कबूल करू लागल्या, काही न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या. एका पहाटे एका मुलीभोवती सोबतिणीला ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. बादली ओतणार तोच कळले की कापडाला धगही लागलेली नाही. देशोदेशीचे धर्मोपदेशक पाहायला आले. बऱ्याच जणांनी हा उन्माद आहे अशी टीकाही केली. रमाबाईंनी या प्रकाराला थांबवले नाही. लोकांना वेगळ्या तऱ्हेने भक्ती करण्याची मोकळीक असावी, परदेशी शिस्तीत ती कोंबू नये, ही त्यांची भूमिका होती. पण त्या त्याच्या मागेही वाहून गेल्या नाहीत. दिवसाचे काम, शेत, छापखाना, वर्ग चालूच राहिले.

आणि त्यांनी स्वतः या वर्षांत काय केले? त्या टेबलाशी बसून हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. इतक्या मोठ्या अनुभवानंतरही मूळ शब्द काय आहे हे पाहिल्यावाचून त्यांना चैन नव्हते. उपलब्ध मराठी बायबलची भाषा साध्या बाईला कळत नाही, त्यातले शब्द संस्कृत धर्मग्रंथांतले अर्थ ओढून आणतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी सगळे बायबल मूळ भाषांवरून स्वतः मराठीत आणायला घेतले. हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. वयाच्या पन्नाशीनंतर हे काम पंधराएक वर्षे चालले. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पाने छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्या बायका, दुष्काळातून उचलून आणलेल्या. जुलै 1921मध्ये मनोरमाबाई गेल्या. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात छापून बाहेर आला.

ही झाली तीन रविवारांची गोष्ट. तिसऱ्या रविवारी ते साधक आले होते. मागे, दाराजवळ बसले. जपाच्या वेळी त्यांनी माळ हातात घेतली नाही आणि कुणी आग्रहही केला नाही. निघताना त्यांनी मला बाजूला घेतले. वहीचे काय केले ते सांगितले. एकही नोंद खोडली नव्हती. फक्त ज्येष्ठ साधकाचे ते गुण येणारच हे वाक्य त्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवले होते, त्याच्यापुढे तपासणी विभागात मारतात तसा नापास असा शिक्का हाताने काढला होता. पहाटेच्या नोंदींचा रकाना तसाच होता, त्याच्यापुढे शिक्का नव्हता, पास नाही आणि नापासही नाही.

त्यांना जेराल्डीनबाईंना लिहिलेली पत्रे हवी आहेत. माझ्याकडची प्रत एका साधिकेने नेली आहे, ती परत आली की त्यांना देणार आहे. कुणाकडे जास्तीची प्रत असेल तर कृपया पीण्याच्या मंडळाला कळवावे.